नोकरी करता करता इंजिनिअरिंग : शाखा कोणती घ्यावी?

वाचकांचे प्रश्न

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रांचा विषय एकच निघाला. शिक्षण सुटून बरीच वर्षे झाली आहेत, घर आणि नोकरी दोन्ही सांभाळायची आहेत, अशा वेळी अभियांत्रिकीकडे वळताना शाखा कशी ठरवावी, असे तिघांनीही विचारले आहे. तिन्ही पत्रे नागपूर आणि परिसरातली आहेत. पत्रलेखकांच्या विनंतीवरून नावे दिलेली नाहीत. पहिल्या पत्राच्या उत्तराला अधिक जागा दिली आहे, कारण त्यातला बराचसा भाग इतरांनाही लागू पडेल.

प्रश्न : सर, माझे वय ३४ आहे. मेकॅनिकलची पदविका ६८ टक्क्यांनी पूर्ण केली आणि गेली ११ वर्षे बुटीबोरी एमआयडीसीतील एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. सुरुवातीला बेअरिंग, गिअरबॉक्स, अलाइनमेंट हीच कामे होती. आता निम्मे ब्रेकडाऊन ड्राइव्ह, सेन्सर आणि पीएलसीचे (मशीनचे नियंत्रण करणाऱ्या छोट्या संगणकाचे) असतात आणि इलेक्ट्रिकलचा माणूस सुटीवर असला की पॅनेल मीच उघडतो. पदवी नसल्यामुळे बढती अडली आहे, म्हणून थेट द्वितीय वर्षाला प्रवेश घ्यावा असे मनात आहे. साहेब म्हणतात, पदविका मेकॅनिकलची आहे तर पदवीही मेकॅनिकलचीच घे. पुण्यात आयटीत असलेला माझा मेहुणा कॉम्प्युटर किंवा एआयशिवाय दुसरे नाव घेऊ देत नाही. पत्नी शिक्षिका आहे, मुलगी दुसरीत आहे. आपण काय सुचवाल? या वयात विशीतल्या मुलांबरोबर वर्गात बसायचाही संकोच वाटतो. (एक वाचक, मानेवाडा)

उत्तर : तुमच्या पत्रातले ‘पॅनेल मीच उघडतो’ हे वाक्य मी दोनदा वाचले. संपूर्ण पत्रात तुम्ही कौतुकाने लिहिलेले तेवढे एकच वाक्य आहे. माझे उत्तर आधीच सांगून टाकतो : तुम्ही इलेक्ट्रिकल शाखा घ्यावी असे मला वाटते. हे मत मी कशावरून बनवले ते सविस्तर लिहितो, म्हणजे तुमची परिस्थिती मला समजली त्यापेक्षा वेगळी असेल तर तुम्हाला स्वतःच निर्णय फिरवता येईल.

प्रवेशाचे प्रथम पाहू. पदविकाधारकाला थेट द्वितीय वर्षाच्या प्रवेशासाठी सीईटी द्यावी लागत नाही. गुणवत्ता यादी पदविकेच्या टक्केवारीवर लागते आणि खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के, राखीव प्रवर्गांना ४० टक्के गुण पुरतात. वयाची अट नाही. पदविका ज्या शाखेची, पदवीही त्याच शाखेची असली पाहिजे असेही बंधन नाही, त्यामुळे साहेबांचे म्हणणे तुम्ही सल्ला म्हणून ऐका, नियम म्हणून नाही. या प्रवेशांसाठी मंजूर जागांच्या वर १० टक्के जागा असतात आणि पहिल्या वर्षाच्या रिकाम्या राहिलेल्या जागाही त्यांत येतात. व्हीएनआयटीचा, म्हणजे नागपुरातल्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेचा, रस्ता मात्र तुमच्यासाठी नाही. तिथला प्रवेश जेईई मेनवर होतो आणि त्या परीक्षेला वयोमर्यादा नसली तरी बारावी त्याच वर्षी किंवा नुकत्याच मागच्या एक-दोन वर्षांत झालेली असावी लागते. मधल्या वर्षांबद्दल गॅप सर्टिफिकेट, म्हणजे प्रतिज्ञापत्र, लागते. ते आणि नोकरीचे अनुभवपत्र कॅपचे, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेचे, वेळापत्रक लागण्याआधीच करून ठेवा, कारण अर्ज सुरू झाले की कागदांसाठी धावपळ करायला पाळीच्या नोकरीत वेळ मिळत नाही.

आता शाखेकडे येतो. आपल्याकडे शाखेचा विषय निघाला की पहिला शब्द ‘स्कोप’ हा येतो. १८ वर्षांच्या मुलाची पाटी कोरी असते, म्हणून त्याने पुढच्या मागणीचा अंदाज बांधून शाखा घेतली तर ते समजण्यासारखे आहे. तुमची पाटी कोरी नाही. त्यावर ११ वर्षांचे काम लिहिलेले आहे आणि ते पुसून नव्याने लिहायला सांगणारा सल्ला तुम्हाला फार महाग पडेल. हे मी ऐकीव सांगत नाही. पदविकेनंतर नऊ वर्षे मी वीज वितरणाच्या कामात होतो आणि वयाच्या ३१व्या वर्षी पदवीला बसलो, तेव्हा इलेक्ट्रॉनिक्सचा बोलबाला होता. प्रवेशाच्या खिडकीवर बसलेल्या गृहस्थांनी ‘इलेक्ट्रिकल घेऊन काय करणार, खांबावर चढणार का?’ असे विचारले, आणि सबस्टेशनवर नऊ वर्षे घालवलेला मी, त्या एका वाक्याने खजील होऊन, त्यांनी सांगितलेल्या शाखेपुढे खूण केली. पदवी मिळाली. पण मी ज्या कार्यालयात नोकरीला होतो तिथे विभागीय पदोन्नतीच्या नियमात ‘इलेक्ट्रिकल शाखेची पदवी’ असे शब्द होते आणि माझा अर्ज तेवढ्यावरून परत आला. तो परत आलेला अर्ज, त्यावर लाल शाईने केलेली रेघ, अजून माझ्या फायलीत आहे. म्हणून तुम्हाला माझी पहिली विनंती अशी की ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेज व शाखांच्या पसंतीचा अर्ज, भरण्यापूर्वी कंपनीच्या मनुष्यबळ विभागाला लेखी विचारा, की बढतीसाठी कोणत्या शाखांची पदवी ग्राह्य धरली जाते. उत्तर ई-मेलवर घ्या. तोंडी ‘चालेल हो’ यावर तीन वर्षे आणि पैसे लावू नका.

दुसरी गोष्ट यापेक्षा महत्त्वाची आहे आणि ती तुम्हाला कोणी विचारणार नाही. तुम्हाला काम आवडते, हे पुरेसे नाही. त्या कामाच्या खाली जे गणित आहे ते जाणून घ्यायची ओढ आहे का, हे पाहावे लागेल. एक ओळखीचे उदाहरण घेतो. तुमच्या कारखान्यात मोटर आधी कमी व्होल्टेजवर सुरू करणारा स्टार-डेल्टा स्टार्टर निश्चितच असेल. बटन दाबले की आधी मेन आणि स्टारचे कॉन्टॅक्टर ओढले जातात, मोटर गुरगुरत वेग घेते, काही सेकंदांनी टायमर पडतो, ‘खट्’ असा आवाज होऊन स्टार सुटतो आणि डेल्टा लागतो. याची वायरिंग तुम्ही डोळे मिटून कराल. आता स्वतःला विचारा : स्टारमध्ये लाइनचा करंट नेमका एक तृतीयांशच का होतो? निम्मा का नाही? स्टारमध्ये प्रत्येक वाइंडिंगला ४१५ व्होल्ट न मिळता त्याला तीनच्या वर्गमुळाने भागून येणारे, म्हणजे सुमारे २४० व्होल्ट मिळतात, त्यामुळे वाइंडिंगमधला करंट त्याच प्रमाणात उतरतो. शिवाय डेल्टामध्ये लाइनचा करंट वाइंडिंगच्या करंटच्या तीनच्या वर्गमुळाइतक्या पट असतो आणि स्टारमध्ये दोन्ही सारखेच असतात. ही दोन वर्गमुळे एकमेकांना भिडली की बरोबर एक तृतीयांश मिळतो. टॉर्क व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे तोही एक तृतीयांशच उरतो, आणि म्हणूनच लोड घेऊन सुरू होणारे मशीन स्टारमध्ये अडते व डेल्टा लागताना झटका देते. हा झटका तुम्ही शेकडो वेळा पायाखाली अनुभवला असेल.

वरचा परिच्छेद वाचताना तुम्ही कागद ओढून आकडेमोड करून पाहिली असेल, किंवा ‘मग मोटरचा वेग बदलणाऱ्या व्हीएफडीमध्ये व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी बरोबरीने का कमी करतात, ४१५ भागिले ५० हे ८.३ चे प्रमाण का राखतात?’ असा पुढचा प्रश्न मनात आला असेल, तर इलेक्ट्रिकल तुमचीच आहे. परिच्छेद ओलांडून पुढे गेला असाल तर थोडे थांबून विचार करा, कारण पदवीची तीन वर्षे अशाच परिच्छेदांची असतात. हीच परीक्षा मेकॅनिकलसाठीही घेऊन पाहा. बेअरिंग वारंवार जाते तेव्हा तुम्हाला ते बदलून मशीन चालू करण्यात समाधान वाटते, की शाफ्टचे कंपन कुठल्या वेगाला वाढते आणि का, हे शोधावेसे वाटते?

मेकॅनिकलबद्दल माझ्या मनात कमीपणा नाही, हे स्पष्ट करतो. कोराडी आणि खापरखेड्याची वीजकेंद्रे, हिंगणा आणि बुटीबोरीतले कारखाने, सगळीकडे त्या शाखेवाचून पान हलत नाही. बॉयलर ऑपरेशन इंजिनिअरची परीक्षा द्यायची असेल तर मेकॅनिकलची पदवी सरळ उपयोगी पडते. पदविकेतला अभ्यासही तुम्हाला तिथे हात देईल आणि द्वितीय वर्षाचे पहिले, म्हणजे एकूण तिसरे, सत्र हलके जाईल. तुम्हाला जर पुढेही यंत्राच्या अंगानेच राहायचे असेल, तर साहेबांचा सल्ला योग्य आहे. पण तुम्हीच लिहिता की निम्मे ब्रेकडाऊन आता ड्राइव्ह आणि कंट्रोलचे आहेत. मेकॅनिकल हाताने शिकलेला आणि इलेक्ट्रिकल पदवीने शिकलेला माणूस मेंटेनन्समध्ये विरळा असतो, आणि रात्री अडीच वाजता लाइन बंद पडली की ‘हे मेकॅनिकलचे’, ‘नाही, हे इलेक्ट्रिकलचे’ हा वाद मिटवणारा तोच असतो. इन्स्ट्रुमेंटेशन शाखेची जागा सोयीच्या कॉलेजात मिळत असेल तर तिचाही विचार व्हावा, मात्र बढतीच्या नियमात ते नाव आहे याची खात्री करूनच.

तुमच्या मेहुण्यांचा हेतू चांगला आहे, पण कॉम्प्युटर शाखा तुमच्यासाठी नको असे मला वाटते. कारण वय नाही. चाळिशीत उत्तम प्रोग्रामर झालेली माणसे मी पाहिली आहेत, मात्र ती आधीपासून स्वतःच्या ओढीने रात्री प्रोग्राम लिहीत बसणारी होती. तुमच्या पत्रात तसे काही नाही. पीएलसीचा लॅडर, म्हणजे आकृतीच्या रूपातला प्रोग्राम, तुम्ही वाचता, ही चांगली सुरुवात आहे आणि तो धागा इलेक्ट्रिकलमध्येही पुढे नेता येईल. कॉम्प्युटर घेतलीत तर तुमची ११ वर्षे जमेला धरली जाणार नाहीत, आणि कॅम्पसमध्ये येणाऱ्या अनेक कंपन्या शिक्षणातील खंडावर अट घालतात, त्यामुळे २१ वर्षांच्या मुलांच्या रांगेत सर्वांत मागे उभे राहण्याची वेळ येईल. तुमची पुढची नोकरी कॅम्पसमधून येणार नाही. बुटीबोरीत तुमचे काम पाहिलेल्या माणसांकडून येईल. शाखा त्यांना उपयोगी वाटेल अशी हवी.

सरकारी नोकरीचा विचार मनात असेल तर वयाचे गणित आजच मांडा. राज्य सेवेत खुल्या प्रवर्गाला ३८ आणि राखीव प्रवर्गांना ४३ वर्षांपर्यंत अर्ज करता येतो. तुम्ही पदवीधर व्हाल तेव्हा ३७ पूर्ण झालेले असतील, म्हणजे खुल्या प्रवर्गात असाल तर फार तर एखादी जाहिरात हाती लागेल. केंद्राच्या इंजिनिअरिंग सर्व्हिसेस परीक्षेची मर्यादा ३० आहे, ती संपली. ‘गेट’ला वयोमर्यादा नाही, त्यामुळे एम.टेक.चा रस्ता खुला राहतो. हे निराश करण्यासाठी लिहीत नाही. सरकारी जाहिरातींच्या भरवशावर शाखा निवडू नका, एवढेच सांगायचे आहे.

आता अडचणीचे. मेकॅनिकलची पदविका घेऊन इलेक्ट्रिकलच्या द्वितीय वर्षाला बसणाऱ्याला पहिले सत्र जड जाते. नेटवर्क थिअरी नवी असते आणि समोर एम-थ्री, म्हणजे गणिताचा तिसरा पेपर, उभे असते. लाप्लास ट्रान्सफॉर्म, फुरिये मालिका, आंशिक अवकल समीकरणे, हे सगळे बारावी करून आलेल्या मुलांनाही झेपत नाही, आणि पदविकाधारकाने तर पहिल्या वर्षाचे एम-वन, एम-टू केलेलेच नसते. विदर्भातल्या कितीतरी हुशार पदविकाधारकांचे वर्ष या एका पेपरने अडवले आहे. हिवाळी परीक्षेत राहिलेला एम-थ्री उन्हाळी परीक्षेत पुन्हा येतो, तेव्हा त्याच्याबरोबर चौथ्या सत्राचे पेपरही असतात आणि बाहेर नागपूरचा मे महिना असतो. म्हणून प्रवेश ऑगस्टमध्ये होणार असे धरून आजपासून रोज पाऊण तास गणिताला द्या : आधी इंटिग्रेशन आणि डिफरन्शिएशन, मग कॉम्प्लेक्स नंबर, मग साधी अवकल समीकरणे. सीताबर्डीत जुनी पुस्तके मिळतात. पहिल्या वर्षाची गणिताची पुस्तके तिथून आणा आणि उदाहरणे हाताने सोडवा, व्हिडिओ पाहून समाधान मानू नका. तीन महिने हे निभावले तर पदवी निभावेल. निभावले नाही तर प्रवेश एक वर्ष पुढे ढकला, त्यात काही कमीपणा नाही.

वेळेचा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण खरी अडचण तिथेच येईल. नियमित वर्गात ७५ टक्के हजेरी लागते आणि तीन पाळ्यांच्या नोकरीत ती भरणे अशक्य आहे. रात्रपाळी करून सकाळी वर्गात झोपणारे विद्यार्थी मी शिकवताना पाहिले आहेत. त्यांची हजेरी लागत असे, पण शिकणे होत नसे. एआयसीटीईने (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने) २०२३-२४ पासून नोकरदारांसाठी सायंकाळच्या किंवा सोयीच्या वेळेत पदवीचे वर्ग चालवण्याची मुभा संस्थांना दिली आहे. त्यासाठी किमान एक वर्षाचा नियमित नोकरीचा अनुभव लागतो आणि घर किंवा कामाचे ठिकाण संस्थेपासून ठरावीक अंतराच्या आत असावे लागते. नागपुरातल्या कोणत्या संस्थेला आणि कोणत्या शाखेसाठी ती मान्यता आहे, हे त्या वर्षीच्या यादीत पाहा. बुटीबोरी शहरापासून सुमारे ३० किलोमीटर आहे; संध्याकाळी वर्धा रोडच्या गर्दीतून दुचाकीने येण्यापेक्षा खापरीला गाडी लावून मेट्रोने आलात तर त्या अर्ध्या तासात वही तरी उघडता येईल. कंपनीकडून जनरल शिफ्ट मिळेल का, हेही मघाच्या ई-मेलमध्येच विचारा.

शुल्कासाठी कर्ज घेणार असाल तर ते स्वतःच्या नावावर घ्या. जुन्या करप्रणालीत स्वतःच्या शिक्षणकर्जाच्या व्याजावर आठ वर्षांपर्यंत वजावट मिळते. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीचाही अर्ज करा. त्यासाठी प्रवेश कॅपमधूनच झालेला असावा लागतो.

संकोचाबद्दल तुम्ही शेवटी एक ओळ लिहिली आहे, पण मला ती शेवटची वाटली नाही. पहिले पंधरा दिवस मुले तुम्हाला ‘सर’ म्हणतील आणि तुम्हाला अवघडल्यासारखे होईल. मग मशीन्सच्या प्रयोगशाळेत एखाद्या दिवशी मोटर उलटी फिरेल, सगळे सर्किटकडे पाहत राहतील आणि तुम्ही दोन फेज बदलून ती सरळ कराल. त्या दिवसापासून तुम्ही त्यांचे ‘दादा’ असाल, आणि एम-थ्रीत अडलात की तीच मुले तुमच्या शेजारी येऊन बसतील. मी वर्गात ज्येष्ठ होतो तेव्हा मलाही शिकवले ते माझ्याहून दहा वर्षांनी लहान असलेल्या मुलांनी. संध्याकाळी मुलीच्या अभ्यासाची वेळ आणि तुमच्या अभ्यासाची वेळ एकच ठेवा. हे सगळे ठरवण्याआधी पत्नीशी मोकळेपणाने बोला, कारण तीन वर्षे घराचा भार त्यांच्यावर अधिक पडणार आहे आणि ‘हो’ त्यांचे हवे.

प्रश्न : नमस्कार सर. मी २९ वर्षांची आहे. रसायनशास्त्र विषयात बी.एस्सी. केली असून बारावीला गणित होते. गेली सहा वर्षे हिंगणा एमआयडीसीत एका रंगांच्या कंपनीच्या क्वालिटी लॅबमध्ये काम करते. मला इंजिनिअर व्हायचे आहे, पण पुन्हा सीईटी देऊन पहिल्या वर्षापासून चार वर्षे घालवणे शक्य नाही. एलआयटीमधून (लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी) केमिकल इंजिनिअरिंग करावे की रंगांशी संबंधित सरफेस कोटिंग टेक्नॉलॉजी घ्यावी, हे कृपया सांगावे. आम्ही ओबीसी प्रवर्गातील आहोत. (एक वाचिका, वानाडोंगरी)

उत्तर : तुम्हाला पहिल्या वर्षापासून सुरुवात करावी लागणार नाही. बारावीला गणित असलेले बी.एस्सी. पदवीधरही थेट द्वितीय वर्षाला पात्र असतात. ही तरतूद अनेकांना माहीतच नसते आणि त्यामुळे चांगल्या मुली एम.एस्सी.च्या रांगेत उभ्या राहतात. त्याला दोन अटी आहेत. पदविकाधारकांना जागा दिल्यावर उरलेल्या जागांसाठी बी.एस्सी.वाल्यांचा विचार होतो, आणि पहिल्या वर्षाचे इंजिनिअरिंग ड्रॉइंग व इंजिनिअरिंग मेकॅनिक्स हे विषय द्वितीय वर्षाबरोबर उत्तीर्ण व्हावे लागतात. ड्रॉइंगची सवय आधीपासून करा. टी-स्क्वेअर आणि सेट-स्क्वेअर घेऊन रोज एक आकृती काढली तर महिनाभरात हात बसतो.

कामठीच्या डी. लक्ष्मीनारायण यांच्या देणगीतून १९४२ साली उभी राहिलेली एलआयटी ही संस्था रसायन उद्योगासाठीच काढलेली आहे आणि आता तिला स्वतंत्र विद्यापीठाचा दर्जा आहे. तुम्ही विचारलेल्या दोन्ही शाखांची परंपरा तिथे आहे. निवड मात्र लॅब आणि प्लांट यांतला फरक समजून करायला हवी. तुम्ही एक लिटरच्या बीकरमध्ये रेझिनचा नमुना शिजवता तेव्हा तापमान वाढू लागले की बीकर पाण्यात धरला, काम झाले. तेच रेझिन हजार लिटरच्या रिअॅक्टरमध्ये करायचे म्हटले तर भांड्याची प्रत्येक बाजू दहापट होते, आतला माल हजारपट होतो, पण उष्णता बाहेर जाण्यासाठी मिळणारा पृष्ठभाग शंभरपटच वाढतो. म्हणजे प्रत्येक लिटरमागे थंड होण्याची सोय दहावा हिस्सा उरते. रसायन तेच, अभिक्रिया तीच, तरीही बीकरमध्ये शांत असलेली प्रक्रिया रिअॅक्टरमध्ये आवरेनाशी होऊ शकते. जॅकेटमधून किती पाणी फिरवायचे, ढवळणी किती वेगाने करायची, कच्चा माल एकदम घालायचा की थेंबाथेंबाने, हे ठरवणे म्हणजे केमिकल इंजिनिअरिंग. त्यात रसायनशास्त्र कमी आणि उष्णता, प्रवाह व हिशेब जास्त असतो. केमिस्ट्री आवडते म्हणून केमिकल घेणाऱ्यांची निराशा होते ती इथेच.

सरफेस कोटिंगमध्ये तुमचा सहा वर्षांचा अनुभव पहिल्या दिवसापासून बोलू लागेल. पिगमेंट, बाइंडर, सॉल्व्हंट, फिल्मची जाडी, हे तुमच्या रोजच्या बोलण्यातले शब्द आहेत. तरीही तुमच्या बाबतीत मी केमिकलच्या बाजूने झुकतो. पहिल्या वाचकाला हातातला अनुभव सोडू नका असे सांगितले आणि तुम्हाला वेगळे सांगतो आहे, असे वाटेल. पण तुम्ही केमिकल घेतल्याने रंगांचा अनुभव वाया जात नाही, उलट त्याच रंगांच्या कंपनीत लॅबमधून उत्पादन विभागाकडे जाण्याचा दरवाजा उघडतो. आणि उद्या रंगांचे काम सोडावे लागले तर औषधे, खते, खाद्यतेल, सांडपाणी प्रक्रिया अशा कुठल्याही प्लांटमध्ये पाय ठेवता येतो. तुम्हाला फॉर्म्युलेशनच करत राहायचे असेल, शेडकार्ड आणि नवे नमुने यांतच मन रमत असेल, तर मात्र निःशंकपणे सरफेस कोटिंग घ्या. ठरवण्यापूर्वी एक संपूर्ण पाळी तुमच्याच कंपनीच्या प्लांटमध्ये उभे राहून काढा. परवानगी मागितली तर मिळेल. तिथला गोंगाट, वास आणि उष्मा सोसूनही घरी येताना तुमच्या डोक्यात प्रश्न फिरत असतील, तर निर्णय झालाच म्हणून समजा.

शुल्काबाबत : ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ८ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत आहे. प्रवेश कॅपमधून घ्या, महाडीबीटी या शासनाच्या संकेतस्थळावर वेळेत अर्ज भरा आणि नॉन-क्रिमिलेअर प्रमाणपत्राची मुदत आजच तपासा.

प्रश्न : मी ४१ वर्षांचा असून आयटीआय इलेक्ट्रिशियन आहे. उमरेड भागातील कोळसा खाणीत नोकरीला आहे. नागपुरात एका केंद्रात मला सांगण्यात आले की दोन वर्षांत घरबसल्या बी.टेक. मिळेल, वर्गात जायची गरज नाही, शाखा आपल्या आवडीची घ्या. नोंदणीसाठी पैसे भरायचे आहेत. कोणती शाखा घ्यावी? (एक वाचक, उमरेड)

उत्तर : पैसे भरू नका. दूरस्थ पद्धतीने दिल्या जाणाऱ्या इंजिनिअरिंग पदवीला एआयसीटीईची मान्यता नाही, आणि अभिमत विद्यापीठांनी परवानगीशिवाय अशा रीतीने दिलेल्या इंजिनिअरिंग पदव्यांविरुद्ध ३ नोव्हेंबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिलेला आहे. दोन वर्षांत, वर्ग आणि प्रयोगशाळा न करता जो कागद मिळेल तो तुमच्या कार्यालयात पडताळणीला गेला की तुमची आजची नोकरीही अडचणीत येऊ शकते. कोणी एएमआयईचे, म्हणजे इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्सच्या परीक्षेचे, नाव घेतले तर हेही लक्षात असू द्या, की पदवीशी समकक्षता ३१ मे २०१३ पर्यंत नोंदणी केलेल्यांपुरतीच होती.

तुमच्यासाठी खरा रस्ता पदविकेचा आहे. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केलेल्याला पॉलिटेक्निकमध्ये थेट द्वितीय वर्षाला प्रवेश मिळू शकतो, आणि मघाशी उल्लेख केलेली नोकरदारांसाठीची तरतूद पदविकेलाही आहे. शाखेबद्दल मला शंका नाही : इलेक्ट्रिकलच घ्या. खाणीत इतकी वर्षे केबल, पंप आणि स्विचगिअर सांभाळल्यावर सिव्हिल किंवा कॉम्प्युटरची पदविका तुमच्या सेवापुस्तकात फार काही भर घालणार नाही. कोणती पात्रता बढतीसाठी धरली जाते ते तुमच्या क्षेत्राच्या कार्मिक विभागाला लेखी विचारा.

आणि त्या केंद्रातून पुन्हा फोन आला तर संस्थेचे पूर्ण नाव आणि अभ्यासक्रमाचे नाव कागदावर लिहून मागा, घरी येऊन एआयसीटीईच्या संकेतस्थळावर त्या वर्षीच्या मान्यताप्राप्त संस्थांच्या यादीत स्वतः शोधा. समोरच्याने त्याच्या मोबाइलवर दाखवलेले पान पुरावा म्हणून धरू नका.